एक जूनची पोरं

आमच्या लहानपणी शेवगावात पोरांना दोनच गोष्टींची भीती घातली जायची. तिन्हीसांजेला पिंपळाखालून जाऊ नको ही एक, आणि ‘रिमांड होममध्ये टाकीन’ ही दुसरी. पहिली भीती वयाबरोबर गेली. दुसरीचं ठिकाण आम्ही कुणी पाहिलेलं नव्हतं. ते नगरला आहे, तिथं भिंत उंच आहे आणि एकदा गेलेलं पोर तसंच परत येत नाही, एवढंच ठाऊक. ही धमकी आमची अम्मी द्यायची, शेजारच्या काकू द्यायच्या, शाळेतले गुरुजीही द्यायचे. या बाबतीत गावात जातिधर्माचा काही भेद नव्हता.

पुढं मी बी. ए. झालो, कापसाच्या जिनिंगवर हिशेब लिहायला लागलो. कविता लिहिता लिहिता शब्दांकडे निरखून बघायची खोड जडली. तोवर रिमांड होमचं कागदावरचं नाव ‘निरीक्षणगृह’ झालं होतं. ‘बालगुन्हेगार’ हा शब्द मागे पडून त्या जागी ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ आला होता. हा शब्द कवितेच्या ओळीत बसवून दाखवा, अशी मी मित्रांशी पैज लावलेली आहे. अजून कुणी जिंकलेलं नाही. पण ज्यानं तो घडवला त्याचा हेतू चांगला होता. ‘गुन्हेगार’ हा शब्द माणसाला चिकटतो, मेल्यावरही सुटत नाही. ‘संघर्ष’ कधीतरी संपू शकतो. प्रश्न एवढाच होता की शब्द बदलला तसं खालचं काही बदललं का? याचं उत्तर शोधायची वेळ माझ्यावर २०१८ साली एका रात्री आली.

दिवाळी होऊन गेली होती. दुष्काळाचं साल. कापसाची एक वेचणी कशीबशी झालेली, जिनिंग अर्धा दिवस चालायचं. रात्री अकराच्या सुमाराला दारावर थाप पडली. गल्लीतली म्हातारी दारात उभी. म्हणाली, “भाई, पोराला उचललं.”

हे पोर म्हणजे तिचा नातू. त्याचं नाव मी सांगणार नाही. कायद्याच्या ७४ व्या कलमानं तसं बंधनच आहे, आणि ते नसतं तरी सांगितलं नसतं. ओळख पटेल असे एकदोन तपशीलही मी बदलले आहेत. आईबाप मुकादमाकडून उचल घेऊन दसऱ्यानंतर कोयता घेऊन कोल्हापूरकडे गेलेले. पोरगं मागे आजीजवळ. त्याच्यावर आळ असा की दोन मोठ्या माणसांबरोबर त्यानं विहिरीवरच्या मोटारी उचलल्या, आतली तांब्याची तार काढून विकली. आणि आता पोलिसांनी त्याला उचललेलं. मुकादमाची उचल, चोराचं उचलणं आणि पोलिसांचं उचलणं. एका घरात एकाच धातूची ही तीन रूपं मला त्या रात्री पहिल्यांदा दिसली.

मी ठाण्यात गेलो. ठाणं कोणतं ते सोडा. पोरगं कोठडीत नव्हतं, बाहेर फरशीवर बसलेलं होतं, एवढं तरी बरं. मी म्हटलं, “साहेब, हा लहान आहे, शाळेत जातो.” टेबलामागचा माणूस हसून म्हणाला, “दाढी बघा की त्याची. लहान म्हणे!” मग म्हणाला, “वयाचा दाखला आणा.”

सकाळी उजाडायच्या आत मुख्याध्यापकांचं घर गाठलं. भले माणूस, बनियनवरच शाळेत आले, कपाट उघडलं. रजिस्टरात तारीख होती १ जून २००२. दाखला बघून ठाण्यातला कारकून म्हणाला, “घ्या! आणखी एक एक जूनवाला.”

त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे ज्याची जन्मवेळ कुणी लिहून ठेवली नाही, त्याला गुरुजींनी एक जूनला जन्माला घातलं. जूनमध्ये शाळा उघडते, तेव्हा पोराला सहा वर्षं पूर्ण दिसली पाहिजेत, एवढाच हिशेब. माझी स्वतःची जन्मतारीख एक जून आहे. अम्मी सांगायची, तू रमजानच्या महिन्यात, कडाक्याच्या थंडीत झालास. पण सरकारदरबारी मी उन्हाळ्याच्या शेवटाला जन्मलेला माणूस आहे आणि निवृत्तही तसाच होईन.

आजवर मी याचा विनोद करत आलो होतो. त्या सकाळी तो विनोद राहिला नाही. वय ठरवताना कायदा आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र बघतो. ते नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसेल तरच हाडांची तपासणी. म्हणजे एखाद्या गुरुजींनी सोयीसाठी लिहिलेली ओळ हीच पोराची पहिली वकील. २०१५ च्या कायद्यानं, जो १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला, तिचं वजन आणखी वाढवलं. पूर्वी अठराची एकच रेघ होती. आता सोळाची दुसरी रेघ आली. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं आणि त्याचा खटला मोठ्यांसारखा चालवायचा का हे ठरतं. आमच्या पोराचं प्रकरण चोरीचं, कायद्याच्या भाषेत किरकोळ. त्याला सोळाच्या रेघेचा काच नव्हता. पण दुसऱ्या एखाद्या एक जूनवाल्याला तो असू शकतो.

चोवीस तासांच्या आत मुलाला मंडळापुढं न्यावं लागतं. मंडळ नगरला. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे, पण आम्ही बोलताना नगरच म्हणतो. आजीला घेऊन मी एसटीनं निघालो. तिसगाव, करंजी घाट, साठ-पासष्ट किलोमीटर. म्हातारी खिडकीला डोकं टेकून सारखी एकच विचारत होती, “तिथं मारत नाहीत ना भाई?” मला खात्रीनं सांगता येईना. माझ्याही डोक्यात लहानपणची ती उंच भिंतच होती.

तिथं मात्र वेगळं दिसलं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली एक बाई असावीच लागते. आरोपीचा पिंजरा नव्हता. साधं टेबल, खुर्च्या. आजी हात जोडून उभीच राहिली. टेबलापलीकडच्या बाई म्हणाल्या, “आजी, बसा आधी.” मग पोराकडे वळून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “जेवलास का रे?” रात्रभर दगडासारखं बसलेलं ते पोर तेव्हा रडलं.

मुलाला आजीच्या ताब्यात दिलं, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. आणि सामाजिक तपासणी अहवाल मागवला. त्यासाठी कायद्यानं पंधरा दिवसांची मुदत दिलेली आहे.

मला जे सांगायचं आहे ते या अहवालाविषयी आहे. नवव्या की दहाव्या दिवशी भर दुपारी एक सडपातळ गृहस्थ खांद्याला पिशवी लावून गल्लीत आले. एसटीनं आले होते, स्टँडवरून चालत. आजीच्या ओट्यावर बसले. आधी पाणी मागितलं, मग पाणी कुठून आणता हे विचारलं. टँकर कधी येतो, हांडे कोण भरतं, आईबापाचा फोन किती दिवसांनी येतो, मुकादमाची उचल किती, ती फिटली का. चोरीचं त्यांनी तासभर काढलंच नाही. मग शाळेत गेले, वर्गशिक्षकांना भेटले, भंगारवाल्याशी बोलले, माझ्याशी बोलले. त्या दोघा मोठ्यांनी पोराला बॅटरी धरायला नेलं होतं आणि तीनशे रुपये दिले होते, हे त्यांनीच त्याच्याकडून काढून घेतलं. तीनशेचं काय केलंस म्हटल्यावर पोर म्हणालं, रिचार्ज मारलं आणि वडे खाल्ले. माझी अपेक्षा होती की आजीच्या औषधाला दिले म्हणेल. कवी लोकांना असली हौस असते. पोरगं खरं बोललं.

त्या अहवालातली दोन वाक्यं त्यांनी लिहिता लिहिता मला वाचून दाखवली. मुलाचे आईवडील दरवर्षी सहा महिने घरी नसतात. या सहा महिन्यांत मुलाला विचारणारे कोणी नाही. मी तीस वर्षं कविता लिहितो आहे. दुसरं वाक्य माझं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. खाली शिफारस होती: देखरेख ठेवावी, दर पंधरवड्याला समुपदेशन, आणि शाळा सुटलीच तर सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसवावं.

निघताना मी विचारलं, अशी किती पोरं आहेत तुमच्याकडे? ते नुसते हसले. भाड्याचे पैसे मिळतात का, विचारलं. “मिळतील,” म्हणाले. उन्हाळ्यातल्या फेऱ्यांचे अजून यायचे होते. चौदा तालुक्यांचा जिल्हा, अकोल्यापासून जामखेडपर्यंत पसरलेला. एका अहवालाला असा अख्खा दिवस जातो. तो दिवस नसेल तर अहवाल टेबलावर बसून भरला जातो, कुटुंबाचं उत्पन्न ‘कमी’, संगत ‘वाईट’, असे रकाने एका शब्दात संपतात. मग मंडळापुढं पोर येतच नाही, त्याचा रकाना येतो.

गंमत अशी की त्याच वर्षी, ९ फेब्रुवारी २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयानं संपूर्णा बेहुरा यांच्या याचिकेवर निकाल दिला होता. याचिका २००५ सालची. मंडळांतली आणि समित्यांतली रिकामी पदं भरा, बैठका नियमित घ्या, पोलिसांना आणि अधिकाऱ्यांना नीट प्रशिक्षण द्या, उच्च न्यायालयांनी स्वतःहून प्रकरण दाखल करून यावर लक्ष ठेवावं, असं त्यात सांगितलं आहे. तेरा वर्षं न्यायालयात जाऊन उत्तर काय आलं, तर माणसं नेमा आणि त्यांना शिकवा.

आपल्याकडे इमारत उभी राहते, माणूस उभा राहत नाही. हे दुखणं जुनं आहे. मुंबई इलाख्यानं मुलांसाठी वेगळा कायदा केला १९२४ साली. चिल्ड्रन्स एड सोसायटी निघाली १९२७ साली. मुंबईतलं जे डोंगरीचं बालगृह म्हणून प्रसिद्ध आहे, ती उमरखाडीच्या जुन्या तुरुंगाची वास्तू. १८८२ साली टिळक आणि आगरकर जिथं एकशे एक दिवस होते, आणि आगरकरांनी ज्यावर पुस्तक लिहिलं, तोच डोंगरीचा तुरुंग. पोरांना तुरुंगातून सोडवायचं ठरलं, पण जागा शोधताना हाताला लागला तो तुरुंगच. आणि तरीही पोरं खऱ्या तुरुंगात जातच राहिली. पत्रकार शीला बारसे यांना त्यासाठी देशभरातल्या तुरुंगांतल्या मुलांची माहिती मागत सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. १९८६ साली देशपातळीवरचा पहिला बाल न्याय कायदा झाला. तो बदलून २००० चा आला, मग २०१५ चा. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन जिल्हाधिकाऱ्यांचे अधिकार वाढले. कागदाच्या बाजूनं आपण गरीब नाही.

पैशाचं म्हणाल तर केंद्राची एकात्मिक बाल संरक्षण योजना २००९-१० मध्ये आली, तिचंच आता ‘मिशन वात्सल्य’ झालं आहे. आपल्यासारख्या राज्यात खर्चाचे साठ टक्के केंद्राचे, चाळीस राज्याचे. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात देशभरासाठी १,४७२ कोटी रुपये ठेवले होते. आकडा मोठा वाटतो, पण देशात साडेसातशेच्या वर जिल्हे आहेत आणि यातच बालगृहं, दत्तकविधान, पोरांचं जेवणखाण, पगार, सगळं येतं. जिल्हा बाल संरक्षण कक्षात काम करणारे बहुतेक जण कंत्राटी आहेत. दुसऱ्याच्या पोराच्या भवितव्याचा अहवाल लिहिणाऱ्याला पुढच्या मार्चनंतर आपली नोकरी आहे की नाही हे माहीत नसतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’नं देशातल्या ३६२ मंडळांची माहिती मांडली. त्यांच्यापुढच्या एक लाखाहून थोड्या जास्त प्रकरणांपैकी ५५ टक्के ऑक्टोबर २०२३ अखेर पडून होती. दर चार मंडळांमागे एक मंडळ अपुऱ्या सदस्यांवर चाललेलं. आणि कायदा तर म्हणतो चौकशी चार महिन्यांत संपवा, फार तर आणखी दोन घ्या.

प्रशिक्षणाचा एक अनुभव सांगतो. दोनेक वर्षांनी अशाच एका एकदिवसीय कार्यशाळेत मला ‘मुलांशी कसं बोलावं’ या विषयावर बोलायला बोलावलं होतं. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असतो, तशी मंडळी आलेली. सकाळभर पडद्यावर कलमं सरकली. दुपारी जेवण चांगलं होतं. जेवणानंतर एक वयस्कर जमादार उठले. म्हणाले, “साहेब, पोरगं रात्री अकराला सापडलं. कोठडीत ठेवायचं नाही, बरोबर. निरीक्षणगृह जिल्ह्याला. गाडी डिझेलवाचून उभी. मंडळ बसणार परवा. मी त्याला रात्रभर ठेवू कुठं?” वक्त्यांनी सांगितलं, मंडळ बसलेलं नसेल तर एका सदस्यापुढंही नेता येतं. जमादार म्हणाले, “ते खरं. सदस्य कुठं राहतात?” सभागृह हसलं. त्या दिवसातलं खरं प्रशिक्षण तेवढंच होतं आणि ते त्या जमादारांनी दिलं. सहा महिन्यांनी मी चौकशी केली तर त्यांची बदली वाहतूक शाखेत झाली होती. त्यांच्या जागी जे आले, त्यांना या कामाची गंधवार्ता नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, पुण्याचं काय? १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला भरधाव पोर्शे गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. चालवणारा सतरा वर्षांचा. त्याच दिवशी जामीन, आणि अटींमध्ये रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध. सगळा महाराष्ट्र संतापला. मीही संतापलो. नंतर रक्ताचे नमुने बदलल्याचं प्रकरण निघालं, डॉक्टरांना अटक झाली, जूनमध्ये उच्च न्यायालयानं मुलाला निरीक्षणगृहातून सोडायला सांगितलं, ऑक्टोबरात सरकारनं मंडळाच्या दोन सदस्यांना काढलं, आणि जुलै २०२५ मध्ये मोठ्यांसारखा खटला चालवण्याची पोलिसांची मागणी मंडळानं फेटाळली. त्या दिवसांत आमच्या चहाच्या टपरीवर एकच सूर होता: हा कायदाच रद्द करा, पोरांना चौकात फटके द्या.

मी टपरीवर फारसा बोलत नाही. पण घरी येऊन विचार केला. तीनशे शब्दांचा निबंध आमच्या पोराला सांगितला असता तर ती जबर शिक्षा झाली असती, त्याला तीन ओळी धड येत नव्हत्या. चीड निबंधाची नव्हती, पैसेवाल्याच्या पोराला लागलेल्या सवलतीच्या वेगाची होती. पण त्या चिडीत कायदा मोडून टाकला तर पैसेवाला पुन्हा वकील करून सुटेल. सापडेल तो बॅटरी धरणारा. माझ्या तोंडून हे ऐकून टपरीवरचा एक जण म्हणाला, “ज्याचं पोर गेलं त्याला हे सांगून बघा.” त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

दुसरी एक गोष्ट मात्र मला दिसते. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाचा. ऊसतोडीच्या हंगामात गावात राहणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहं असतात, तीही आठवीपर्यंतच्यांसाठी. चौदानंतर मुलाला बिनधोक्याच्या कामावर ठेवायला कायद्याची हरकत नाही. आणि न्यायालयाच्या लेखी तो अठरापर्यंत मूल. चौदा ते अठरा या चार वर्षांत त्याच्या जेवणाची, झोपण्याची, अभ्यासाची जबाबदारी कुणाची, हे कुठंच धड लिहिलेलं नाही. ही पोरं आधी विहिरीवर भेटतात आणि मग मंडळापुढं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना २०२१ मध्ये मंजूर झाली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं. मिशन वात्सल्यमध्ये कुटुंबातच राहणाऱ्या गरजू मुलाला महिना चार हजारांपर्यंत मदतीची सोय आहे. राज्याच्या बालसंगोपन योजनेची रक्कम कितीतरी वर्षं सव्वाचारशे होती, ती अकराशे झाली आणि आता साडेबावीसशे आहे. निरीक्षणगृहात एक मूल ठेवण्यापेक्षा त्याच्या ओट्यावर पैसे पोचवणं स्वस्त पडतं, हे मी जिनिंगचा हिशेबनीस म्हणून सांगतो. पण पोचवायला पुन्हा तोच पिशवीवाला माणूस लागतो.

आमच्या पोराची चौकशी मुदतीत संपली. आईबाप मार्चअखेर परतले, तोवर त्यांना फोनवर अर्धंच सांगितलं होतं. परिवीक्षा अधिकारी आणखी चारदा आले. नंतर त्यांची बदली झाली आणि कुणीच आलं नाही. सतरा नंबरचा फॉर्म मी भरून दिला. दुसऱ्या प्रयत्नात दहावी झाली, मग आयटीआय.

गेल्या पावसाळ्यात तो माझ्याकडे आला. आता उंच झालाय, मला ओळखता आला नसता. सुप्याच्या एमआयडीसीत कंत्राटदाराकडे काम मिळत होतं, त्यासाठी पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला हवा होता. फॉर्म माझ्यापुढं ठेवून त्यानं एका रकान्यावर बोट ठेवलं. आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय?

मी त्याला २४ वं कलम समजावलं. लहानपणीच्या प्रकरणामुळे कुठलीही अपात्रता लागत नाही, मुदत संपल्यावर कागदही नष्ट करायचे असतात. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “चाचा, कायदा म्हणतो ते खरं. पण त्या दोघांच्या फायलीत माझंही नाव असंल ना? ती तर कॉम्प्युटरवर असंल.”

असेल. गुन्हा मोठ्यांबरोबर नोंदला होता. मी म्हटलं, “तू ‘नाही’ लिही. कुणी विचारलं तर माझ्याकडे पाठव.” त्यानं ‘नाही’ लिहिलं. वर जन्मतारखेच्या रकान्यात १ जून २००२ आधीच लिहिलेली होती. दाखला अजून आलेला नाही.